मायचं वावर आणि डिझेलचं झाड

आमच्या गावात तेल लागलं तेव्हा मी टमटमखाली उताणा पडून सायलेन्सर तारेनं बांधत होतो, त्यामुळे त्या ऐतिहासिक क्षणाचा पहिला अर्धा भाग माझा हुकला. बाकीचा मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्यात रतीभरही वाढवून सांगणार नाही. वाढवून सांगण्याचं खातं आमच्या घरात बाबांकडे होतं. त्यांचा आवाज असा की त्यांनी आमच्या अंगणात बैलाला हाक मारली तर देऊळघाटच्या बाजारात उभी असलेली जनावरं माना वळवायची.

तेल जमिनीतून निघालं नाही. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात एक पांढरी चादर ताणली होती, तिच्यावर निघालं. कुठल्याशा कंपनीचा एक माणूस यंत्र घेऊन आला होता. त्याचे बूट इतके पांढरे होते की आमच्या काळ्या मातीला ते बघूनच पाणी सुटलं असेल. त्यानं चादरीवर आधी एक झाड दाखवलं, मग त्याची बी, मग बीचं तेल आणि मग त्या तेलावर पळणारी मोटार. सभामंडपातले सगळे चादरीकडे सरकले, कारण ते झाड सगळ्यांच्या ओळखीचं होतं. चंद्रज्योत. गावाच्या कुंपणाला, उकिरड्यामागं, जिथं दुसरं काही उगवायला तयार नसतं तिथं ती उभी असते. लहानपणी आम्ही तिचा देठ मोडायचो आणि चिकातून फुगे फुंकायचो. म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसानं लहानपणी निदान बादलीभर डिझेल फुंकून उडवलं होतं. काही म्हातारे हळहळताना मी स्वतः पाहिले.

पांढऱ्या बुटांचा माणूस सांगत होता: पाणी लागत नाही, खत लागत नाही, शेळी तोंड लावत नाही, मुरमावर येतं, पडीक जमीन असेल तर तिथं लावा, आणि बी जेवढी पिकेल तेवढी कंपनी उचलून नेईल. या सगळ्या वाक्यांत ‘पडीक जमीन’ हे शब्द त्यानं हळू उच्चारले की आम्हीच हळू ऐकले, हे आजवर ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी टमटम म्हणजे तेलमंत्र्यांची बैठक झाली. मी तेव्हा गाव ते देऊळघाट आणि देऊळघाट ते बुलढाणा अशी सवारी मारायचो. कोर्टाच्या तारखेला निघालेले, कॉलेजला निघालेले, मिरचीचं पोतं मांडीवर घेऊन निघालेले, सगळे एकाच विषयावर बोलायचे. पानठेल्यावर तर कामधंदाच बंद पडला होता.

“अरबस्तानातले शेख येतीन बे आपल्या इथं,” पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला.

“येतीन त उतरतीन कुठं?” एकानं विचारलं. “बुलढान्याले रेल्वे नाही.”

“एसटीनं येतीन.”

“चढता येईन त्याईले एसटीत?”

“उंटावर चढतेत ते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरनं तेवढं शिकवा लागन.”

माझ्या टमटमचं नशीब पालटणार, हे तर उघडच होतं. मी डिझेल भरायला पंपावर जाणार नव्हतो; पंपच माझ्याकडे येणार होता. मी मनातल्या मनात टमटमला पडदे लावले, गाणी लावली आणि मागच्या सीटवर एका शेखाला बसवून घाट चढवला.

पण या सगळ्यात खरा ताप चढला तो बाबांना. आमच्याकडे दोन जमिनी होत्या. एक बर्डी, म्हणजे मुरमाचं टेकाड, जिथं कुसळाशिवाय काही येत नव्हतं. गावात मोबाइल नवे होते आणि रेंज फक्त तिथंच मिळायची, म्हणून बर्डीवर माणसं उगवायची तेवढीच. दुसरं विहिरीजवळचं काळं वावर. ते मायचं. नुसतं म्हणायला नाही, कागदावरही तिचंच. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या वावरात कुंद्याचं गवत इतकं माजलं होतं की एकदा त्यात एक वळू हरवला आणि पुढच्या वर्षी गाय-वासरासकट बाहेर आला. मायनं तो कुंदा मुळासकट खणून काढला. तिची कुदळ झिजून चमच्याएवढी झाली. ते पाहून माझ्या आज्यानं वावर सुनेच्या नावावर करून टाकलं. तेव्हापासून आमची वर्षाची ज्वारी, तूर, मिरची, हरभरा सगळं त्या वावरातून यायचं. बाहेरून आम्ही फक्त मीठ आणि सल्ले आणायचो.

बाबांना चंद्रज्योत त्या वावरात लावायची होती.

“मुरमावर एवढी येते म्हनते तो मानूस,” बाबा जेवताना म्हणाले. “मंग काळ्यात केवढी येईन?”

“त्यानं मुरमावर लावा म्हनलं,” माय म्हणाली. “तुमी मुरमावर लावा.”

“मुरमावर लावतोच वं. काळ्यातबी लावतो.”

“आन मंग खासान काय?”

“डिझेल इकू. जवारी इकत आनू.”

“कोनापासून? सारं गाव डिझेल पेरून राह्यलं.”

त्यावर बाबांनी आणखी एक भाकरी घेतली.

माय बुटकी. बाबांच्या शेजारी उभी राहिली की डोंगरापायथ्याच्या दगडाला शेंदूर लावल्यासारखी दिसायची. आवाज कधी चढवायची नाही. पण वावर तिचं होतं आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत बाबा त्यात काडी लावू शकत नव्हते. आता तिला हो म्हणायला लावणारा कोण? बाबांनी खूप विचार केला आणि शेवटी घटाकडे गेले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला घट मांडतात. आमच्या गावाचाही एक छोटा घट आहे. वावरात गोल आखायचा, मधे खड्डा करून ढेकळं आणि पाण्याची घागर ठेवायची, आणि गोलाभोवती गहू, ज्वारी, तूर, मूग, जवस, सरकी असे सगळे दाणे आपापल्या जागी मांडायचे. मग तिकडे कोणी फिरकायचं नाही. सकाळी गावातले जाणते म्हातारे येऊन बघतात. जो दाणा इकडेतिकडे पांगला त्याचं पीक आणि भाव डळमळीत. जो जागेवर राहिला तो पक्का. आमच्याकडे हवामान खात्याचं ऐकतात, पण ऐकून घटाकडे बघतात.

त्या वर्षी बाबा खिशात चंद्रज्योतीच्या बिया घेऊन घटाला हजर झाले.

“हे धान्य नाही,” घट मांडणारे म्हातारे म्हणाले.

“काऊन नाही?” बाबांनी विचारलं. “सरकी धान्य हाय काय? तिले जागा हाय.”

“सरकी ढोर खाते.”

“हे मोटार खाते. मोटार ढोरापेक्षा लहान हाय काय?”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर घटात कोणी नवा दाणा घुसवला नव्हता. सोयाबीनलासुद्धा आत यायला फार वर्षं लागली होती. पण गावात प्रत्येकाच्या डोळ्यांत शेख बसलेला. शेवटी सरकी आणि जवस यांना थोडं सरकवून चंद्रज्योतीला मधे बसवलं. सीटवर तिसरा माणूस बसवताना मी टमटममध्ये करायचो अगदी तसं. तिथं बाबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की उद्या हा दाणा जागेवर राहिला तर विहिरीजवळच्या वावरात डिझेल. माय बायकांत उभी होती.

सकाळी आम्ही गेलो तर घटात दंगल होऊन गेल्यासारखं झालं होतं. गहू मुंग्यांनी रांग लावून नेला होता. मूग पार घागरीपर्यंत गेला होता. तुरीचे दोन दाणे तर कुठल्या पाखरानं उचलले ते त्यालाच ठाऊक. आणि सरकी आणि जवस यांच्या मधोमध चंद्रज्योत अशी बसली होती जशी तलाठी खुर्चीत बसतो. काडीभरही हललेली नाही. उलट मुंग्यांच्या रांगेनं तिच्यापाशी येऊन वळण घेतलं होतं. मातीत त्यांचा वळसा स्पष्ट दिसत होता.

घट सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि त्यांच्यातले एक म्हणाले, “असा पक्का दाना माह्या हयातीत नाही पाह्यला. भाव हलत नाही याचा.”

बाबांनी जी आरोळी ठोकली तिनं घागरीतलं पाणी हललं. लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांचं वजन पाहून विचार बदलला आणि हार घातला.

“मुंगीनंबी तोंड नाही लावलं त्याले,” माय माझ्या कानाशी पुटपुटली. मग पुढं झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घटानं भाव सांगतला. पीक त नाही सांगतलं.”

“मंग?” बाबा म्हणाले.

“बर्डीवर लावा जेवढी लावाची तेवढी. तिच्या तेलावर इंजिन चालवून माह्यं वावर एकडाव पुरं भिजवा. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. त्या दिवशी वावर तुमचं. मंग त्याच्यात डिझेल पेरा नाही त शेखाले बंगला बांधून द्या.”

सगळं गाव हसलं आणि बाबाही हसले, कारण त्यांना हे फारच स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. एक पाणी. एवढंच ना. लोडशेडिंगमुळे आमच्या विहिरीवर हँडल मारून चालवायचं डिझेल इंजिन होतंच.

मग बर्डी हिरवी झाली. हे खरं आहे आणि ते मी बाबांच्या बाजूनं सांगतो. जिथं कुसळ उभं राहायला लाजत होतं तिथं चंद्रज्योतीची झाडं ओळीनं उभी राहिली. गावातल्या शेळ्यांचा तर अपमानच झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर हिरवं पान होतं आणि त्यांना ते नको होतं. एक बोकड रोज येऊन झाडांकडे बघायचा आणि खिन्न होऊन परत जायचा. बाबा सकाळी बर्डीवर चढून झाडांना रामराम करायचे. रेंज मिळाली की नातेवाइकांना फोन लावून सांगायचे की मी सध्या माझ्या तेलविहिरीवर आहे.

पण झाड जगणं निराळं आणि झाडानं बी देणं निराळं, हे आम्हाला दोन पावसाळ्यांनी कळलं. मुरमावरचं ते झाड मेलं नाही, पण त्यानं वाढण्याची घाईही केली नाही. पावसाच्या ओढीत पानं गाळून काठीसारखं उभं राहायचं, म्हणायचं, मी आहे, तुम्ही आपलं बघा. फळं धरली ती झुपक्यात. एकाच झुपक्यात एक फळ काळं, दोन पिवळी, बाकी हिरवी. कापसाचं वावर असतं तर वेचणाऱ्या बायका हां हां म्हणता पलीकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पोचल्या असत्या. इथं दिवसभर फिरून ओटीत ओंजळभर बी.

“मामा,” वेचणाऱ्यांपैकी एक जण बाबांना म्हणाली, “तुमचं डिझेल लय लाजते. एकटंएकटं पिकते.”

“तुमी सोयाबीन सोंगाले जा,” बाबा चिडून म्हणाले.

“चाललोच,” ती म्हणाली, आणि खरंच सगळ्या गेल्या.

त्यामुळे वेचणी घरच्यांनी केली. म्हणजे बाबा ओरडले आणि मी वेचली. दोन हंगामांची बी साठवून पोती भरली. पांढऱ्या बुटांचा माणूस काही ती उचलायला आला नाही. मी बुलढाण्याला अडत्याकडे एक पसा घेऊन गेलो, तर त्यानं बी नाकाला लावली आणि मला विचारलं, “याचं काय करतेत?” मी म्हटलं, मोटार चालते. त्यानं माझ्या टमटमकडे एक नजर टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

पण बाबांना आता विकायचं नव्हतंच. त्यांना वावर जिंकायचं होतं.

तेल काढायला घाणा हवा. देऊळघाटच्या घाणेवाल्यानं हात जोडले. “काका, मी खायचं तेल काढतो. तुमचं हे घाण्यात गेलं त जेवणारे लोटे घेऊन वावरातच राहतीन.” मग कोणीतरी सांगितलं की दुसरबीडला हमरस्त्यावर एक वेल्डर आहे, तो ट्रकच्या मोडक्या भागांतून माणूससुद्धा बनवून देतो. मी टमटम घेऊन तिकडे गेलो. परत येईपर्यंत माझी कंबर टमटमच्या चेसिसशी एकजीव झाली होती, पण मागच्या सीटवर दाबयंत्र होतं: एक लोखंडी चौकट, त्यात ट्रकचा जॅक, खाली भोकं पाडलेला जाड नळा आणि वर फिरवायला लांब दांडा. बी नळ्यात भरायची, दांडा फिरवायचा, आणि तेल भोकांतून घामासारखं यायचं. दोन तगडे गडी लावले तर यायचं. एकटा माणूस लावला तर फक्त घामच यायचा.

ज्वारी काढून झाली होती आणि मायनं वावरात विहिरीकडे थोडी मिरची आणि पुढं सगळा हरभरा लावला होता. त्याला पाण्याची गरज होती. बाबांनी दिवस ठरवला आणि गावाला जेवायचं आमंत्रण दिल्यासारखं सांगून आले. त्या दिवशी विहिरीवर लग्नाला नसतील एवढी माणसं जमली.

साठवलेल्या बीचं तेल आम्ही आधीच काढून, बाबांच्या धोतराच्या तुकड्यातून गाळून डब्यात भरलं होतं. पिवळंधमक. सूर्यासमोर धरलं की मध वाटावं. इंजिन आधी थोड्या नेहमीच्या डिझेलवर गरम केलं. मी हँडल मारलं, इंजिन खोकलं, थुंकलं, धडधडायला लागलं. मग बाबांनी नळी बदलली. इंजिन क्षणभर थांबून विचार केल्यासारखं झालं. आणि ते पुन्हा धडधडलं, आधीपेक्षा मऊ, जेवलेल्या माणसासारखं, आणि पाइपातून पाण्याचा लोंढा पाटात पडला.

त्यानंतर विहिरीवर जे झालं त्याला वेड हाच शब्द आहे. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. एक म्हातारे पाटात पाय सोडून बसले आणि म्हणाले, आता मेलो तरी चालेल, पण त्याआधी चहा द्या. बाबा इंजिनाभोवती नाचत होते आणि जमीन हादरत असल्यानं इंजिनाला फुकटचा जोर मिळत होता, असं मी स्वतःची टमटम स्वतः दुरुस्त करणारा माणूस म्हणून शपथेवर सांगू शकतो. मलाही राहवलं नाही. आमच्या उकिरड्यावरच्या झाडानं, फुगे फुंकायच्या झाडानं विहीर बाहेर काढली होती. मी पाण्यात उडी मारली आणि कपड्यांसकट वाफ्यातून पळालो.

आणि वास. ते तेल जळताना तळणाचा वास येतो. शिवारभर जणू भजी तळायला घेतली होती. सकाळीच सगळ्यांना अशी भूक लागली की इंजिनाच्या नळकांड्याकडे बघून माणसं गिळायला लागली.

“काकू, भाकर हाय काय?” पहिल्यांदा कोणी विचारलं ते आठवत नाही, पण मायनं विहिरीजवळ तीन दगड मांडले, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि घरून पिठाचा डबा मागवला. शेजारच्या बायका थापायला बसल्या.

पाणी मिरच्यांपर्यंत गेलं, आणि तेलाचा डबा संपला.

इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प बसलं. दोन हंगामांची बर्डी, पोत्यांमागून पोती, आणि पाणी मिरच्यांपाशी. त्यापुढे हरभऱ्याचे वाफे कोरडे पडलेले, पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत. बाबा त्या कोरड्या वाफ्यांकडे बघत उभे राहिले.

माय तव्यावरची भाकरी उलटत राहिली. तिनं ‘सरलं’ म्हटलं असतं तर खेळ तिथंच संपला असता.

पण पानठेलेवाला म्हणाला, “माह्या कुंपनाची बी हाय घरी.” दुसरा म्हणाला, माझ्याही धुऱ्याची आहे. तिसरा आधीच पळाला होता. गावात सगळ्यांनीच थोडी थोडी लावली होती आणि कोणाच्याच बीला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. पाहता पाहता लोक पिशव्या, टोपल्या, टॉवेलची गाठोडी घेऊन परतले. दाबयंत्र विहिरीवर आणलं. दांड्याला जोड्या लागल्या. एक जोडी थकली की दुसरी. नळ्यातून तेल टपकायचं, ते गाळून थेट इंजिनात, इंजिन धडधडायचं, पाणी एक वाफा पुढं जायचं, पुन्हा आचके. मग पुन्हा दांडा.

दांडा फिरवणं म्हणजे पोराटोरांचं काम नव्हतं. जी जोडी उतरायची ती थेट चुलीकडे. माय आधी त्यांच्या हाताला राख आणि माती लावून घासायला लावायची, कारण ती बी पोटात गेली तर माणूस उलट्या करून आडवा होतो. हात दाखवल्याशिवाय भाकरी नाही. मग भाकरी, ठेचा, कांदा, पिठलं. एकेक गडी असा जेवत होता की भाकरी टोपल्यातून उचलल्यासारखी नाही, टोपल्यातून उडाल्यासारखी वाटायची. पिठाचा दुसरा डबा आला. मग कणगीतली ज्वारी काढून माझ्या टमटममध्ये घालून मी गिरणीवर नेली आणि दळून आणली. ते मी पुन्हा केलं, आणि मग पुन्हा.

दिवस कलायला लागला तेव्हा शेवटचा वाफा राहिला होता. सगळ्या गावाची बी संपली. पाणी त्या वाफ्याच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, मुंगी ओलांडेल एवढं अंतर उरलं होतं. माणसं दमून जागच्या जागी बसली. बाबा पाण्याला हातानं पुढं ढकलत होते.

तेव्हा माय उठली. घरी गेली आणि एक बाटली घेऊन आली. बाबांनी पहिलं तेल निघालं तेव्हा तिला दिव्यासाठी म्हणून दिलेली, देवाजवळ ठेवलेली.

“काकू, काय करून राह्यल्या?” पानठेलेवाला म्हणाला. “वावर जाईन ना तुमचं.”

“जाऊ दे,” माय म्हणाली. “थांबलेलं पानी मले पाहवत नाही.”

तिनं स्वतः बाटली ओतली. मी हँडल मारलं. पाणी शेवटच्या वाफ्यात शिरलं, पलीकडच्या धुऱ्याला लागलं आणि तिथून परत फिरून उभं राहिलं. वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं झालं. मायच्या पदराला कडेपर्यंत चिखल लागला होता आणि ती हसत होती. अशी हसताना मी तिला लग्नकार्यातही पाहिलं नव्हतं.

“वावर माह्यं,” बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज बसला होता, त्यामुळे त्यांनी ते दोनदा म्हटलं.

“तुमचं,” माय म्हणाली. “साऱ्या गावानं आयकलं. तुमीच जिंकले.”

बाबा चुलीपाशी मांडी घालून बसले. दिवसभरात त्यांनी स्वतः काही खाल्लं नव्हतं. मायनं त्यांचे हात घासून दिले, टोपल्यावरचं फडकं उचललं. टोपलं रिकामं होतं. तळाला थोडे भाकरीचे तुकडे पडले होते, ते तिनं त्यांच्या ताटात झाडले.

“थाप ना आनखी,” बाबा म्हणाले.

“पीठ सरलं.”

“दळून आन म्हना याले.”

“तीन कनग्या होत्या, त्यातली एक झाडून झाली आज. दांडा फिरवनाऱ्याईनं खाल्ली.” ती शांतपणे त्यांच्यासमोर बसली. “पुढच्या सालची जवारी ज्या वावरातून येते ते वावर आता तुमचं हाय. तुमीच सांगा, त्याच्यात काय पेरू?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. शर्त ती मनापासून हरली होती आणि आता जिंकलेल्या मालकाला ती पुढचं काम विचारत होती.

बाबांनी तुकडा तोंडात टाकला. आजूबाजूला गावातले गडी बसले होते, सगळ्यांची पोटं भरलेली, सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“मामा, मी त सांगून ठेवतो,” दांड्यावर सगळ्यात जास्त वेळ टिकलेला गडी म्हणाला, “भाकर नसन त मी दांड्याले हात लावत नाही.”

“इंजिन तेलावर चालते,” दुसरा म्हणाला. “आपन नाही चालत.”

बाबा आधी नुसते हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. मग त्या बसलेल्या आवाजातून जे हसू बाहेर आलं त्यानं विहिरीवरचे बगळे उडाले. ते पोट धरून हसत होते, एकेकाकडे बोट दाखवत होते आणि म्हणत होते, “म्हंजे दिवसभर हे इंजिन हिच्या जवारीवर चाललं बे. साऱ्याईनं मिळून जवारीवर चालवलं.” मग सगळेच हसायला लागले, आणि माय पदरानं तोंड झाकून सगळ्यांपेक्षा जास्त.

हसून झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं, जवारी पेर. त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे झोपायला आले होते.

बर्डीवर झाडं राहू दिली. रोह्यांनी मात्र त्या साली हरभऱ्याचा फडशा पाडायला घेतला. रोही म्हणजे नीलगाय. रात्री कळप येतो आणि सकाळी तुम्हाला वावराऐवजी मैदान मिळतं. बाबांनी बर्डीवरून चंद्रज्योतीच्या फांद्या तोडल्या आणि मायच्या वावराभोवती दाट खोचत गेले. त्या फांद्या रुजतात, ते काम त्यांना झकास जमतं. पुढच्या पावसाळ्यात असं कुंपण झालं की रोही बाहेर उभे राहून आत बघायचे. त्याची बी निघते थोडी. माय ती वेचते, तिचं तेल काढून लोडशेडिंगमध्ये एखादं पाणी मिरच्यांना देते, आणि पेंड खत म्हणून झाडांच्या बुडाशी घालते. शेख आले नाहीत. आता पांढऱ्या बुटांची नवी माणसं येतात, मक्यापासून गाडीचं इंधन होतं म्हणून सांगतात. मका गाडीनं खाल्ला तर कोंबड्यांनी काय खायचं, असं गावात विचारतात. पण मका तरी विकला जातो, तेव्हा मी यावर आताच मत देत नाही.

कुंपण लावत होते त्या दिवशीचं मला आठवतं. बाबा फांद्या खोचत खोचत वावराला पूर्ण वळसा घालून जिथून सुरुवात केली होती तिथं आले आणि थांबले. आत माय हरभऱ्यातलं तण काढत होती.

“अवं,” त्यांनी हाक मारली. “आत यायले वाट किती ठेवू?”

मायनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत.

“बैलगाडी जाईन एवढी ठेवा,” ती म्हणाली. “त्याच्यात तुमीबी मावसान.”

बाबांनी दोन फांद्या उपटून वाट आणखी थोडी रुंद केली आणि आत गेले.